त्या बाईचे पाय

टेंभुर्णी
४ ऑगस्ट २०२४

प्रिय शालू,
सप्रेम जयभीम.

हे पत्र रामप्रसादच्या हाती देते आहे. किराणा माल भरायला तो टेम्पो घेऊन जालन्याला येत असतो, तुझी गल्ली त्याला ठाऊक आहे. फोन का केला नाही ते तुला सांगायला नको. साक्षीच्या बाबांना ऐकायला कमी येतं म्हणून आमच्या घरातला फोन कायम स्पीकरवर असतो. त्यात माझी मावसबहीण नर्स आहे हे सगळ्यांना माहीत. तुझा फोन आला की अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर येऊन बसते. कोणाला गुडघा विचारायचा असतो, कोणाला पित्त.

परवा विहारात वर्षावासाच्या निमित्तानं रक्ततपासणीचं शिबिर झालं. माझं रक्त सहा निघालं. तपासणाऱ्या पोरीनं पुन्हा एकदा बोटाला टोचलं, तरी तेवढंच. म्हणाली, मावशी, तुम्ही चालत आलात का? तसं मला कळत होतंच. ओट्याची पायरी चढले तरी धाप लागते, छातीत धडधडतं. जीभ लालबुंद झाली आहे, तिखट लागलं की डोळ्यातून पाणी येतं. चेहरा पिवळट दिसतो म्हणतात सगळे. तुझ्याकडून गोळ्या पाठव, मी नेमानं घेईन. घरात उगाच बोभाटा नको.

आता दुसऱ्याचं विचारते. आमच्या गल्लीत एक बाई आहे. नाव सांगत नाही, तिनं शपथ घातली आहे. तिच्या पायांना आधी मुंग्या यायच्या, आता जाड मोजे घातल्यासारखं वाटतं म्हणते. चप्पल पायातून निघून गेली तरी तिला कळत नाही, दहा पावलं पुढं गेल्यावर बाकीचे सांगतात. नडगीवर एक फिकट डागही आहे. तिला काय झालं असेल? आणि ते लेकराबाळांना लागतं का? एवढं मात्र नक्की कळव. ती फार भ्यालेली आहे.

तुझी,
दैवशाला

---

जुना जालना
९ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

रक्त सहा, आणि बाई आधी स्पीकरचं पुराण लावते! तुझं हे लहानपणापासूनचं आहे. विहिरीत पडलीस तरी आधी पाणी किती गार आहे ते सांगशील.

दवाखान्यात ये म्हटलं तर तू येणार नाहीस, म्हणून गोळ्या पाठवते आहे. एक लोहाची आणि एक फॉलिक अॅसिडची. जेवण झाल्यावर घे, चहाबरोबर घेऊ नकोस. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नकोस. पालेभाजी, गूळ-शेंगदाणे खा. तुझे वडील गेल्यापासून तू मटण, मासे, अंडी सगळं सोडलंस, ते तुझं तू बघ. पण दूध तरी पोटभर पी, दारात दोन म्हशी आहेत. महिन्यानं रक्त पुन्हा तपासून मला कळव.

तुझ्या गल्लीतल्या बाईचं मात्र हलक्यानं घेऊ नका. पाय बधिर होण्याला कारणं पुष्कळ असतात. साखरेचा आजार असेल, कमरेची नस दबली असेल. पण डाग आहे म्हणतेस, तर कुष्ठरोगही असू शकतो. हे नाव ऐकून तिनं हातपाय गाळू नयेत. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि माणूस पूर्ण बरा होतो. औषध सुरू केलं की तो पसरत नाही. न घेता अंगावर काढला तर मात्र घरातल्यांना लागू शकतो. तिला धीर दे आणि लगेच तपासायला पाठव. मला बायकांचं हे नाव न सांगता विचारणं आवडत नाही, पण विचारलं हे तरी बरं केलंस.

पोरं मजेत आहेत. साक्षीला माझा पापा.

तुझी,
शालू

---

टेंभुर्णी
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय शालू,
सप्रेम जयभीम.

तुझ्या गोळ्यांना गुण आला. रक्त साडेनऊ झालं! धाप कमी झाली, चेहऱ्यावर थोडं तेज आलं. साक्षीचे बाबा सगळ्यांना सांगत फिरतात की माझी मेहुणी डॉक्टरपेक्षा भारी आहे. खाण्यापिण्याचं मी सांभाळते आहे.

आनंदाची बातमी अशी की साक्षीचं जमलं. मुलगा आष्टीचा, नाव प्रेम, शाळेत शिक्षक आहे. माणसं साधी आणि चांगली आहेत. त्यांना उन्हाळ्यात लग्न करायचं आहे, पण मीच म्हणते, नोव्हेंबरातच उरकून घेऊ. साक्षी माझ्यावर फुगली आहे. तिला वाटतं, आईला मी घरात जड झाले. वाटू दे.

त्या बाईला तुझं उत्तर वाचून दाखवलं. ती अजून गेली नाही. तपासलं की नाव पडणार, नाव पडलं की गावभर होणार, असं म्हणते. तिनं आपलं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं केलं आहे. एवढं केलं तर घरातल्यांना लागणार नाही ना? आणि आतापर्यंत इतकी वर्षं एका ताटात जेवले, त्याचं काय? ती मला हे रोज विचारते. मी काय सांगू?

तुझी,
दैवशाला

---

जुना जालना
२० सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

साक्षीचं वाचून मी वॉर्डात मोठ्यानं हसले, पेशंट दचकले. पण एवढी घाई कशाला? जावयाला पळून जायची सवय आहे का? उन्हाळ्यात होऊ दे, मला रजा मिळेल.

रक्त वाढलं हे उत्तम झालं. त्याच गोळ्या चालू ठेव, आणखी पाठवल्या आहेत.

त्या बाईला म्हणावं, ताट-तांब्या वेगळा करून काही साधत नाही, तपासणी हवी. नाव पडायला आजार तरी असला पाहिजे ना! तिला घेऊन तू जालन्याला ये, मी डॉक्टरांना सांगून ठेवते. खरं सांगू, मला तिचीच जास्त काळजी वाटायला लागली आहे. तुझं आता मार्गी लागलं.

तुझी,
शालू

---

टेंभुर्णी
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय शालूमावशी,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मी आईच्या नकळत लिहून राह्यले. तुम्ही दोघी रामप्रसादकाकांच्या हाती चिठ्ठ्या पाठवता हे मला माहीत आहे, पण मी कधी वाचलं नाही. मावशी, मला फार भीती वाटते. आईला काहीतरी झालं आहे आणि घरात कोणी मानायला तयार नाही. बाबा म्हणतात, रक्त वाढलंय, आता कशाचं काय.

ती आमच्यासोबत जेवत नाही. तिचं ताट ती स्वतः घासते आणि खिडकीत वेगळं ठेवते. मी डोक्याला तेल लावून दे म्हणाले, तर जोरात ओरडली, "लांब सरक! हात लावू नगं मला." मी रडले. मग ती आत जाऊन माझ्यापेक्षा जास्त रडली. मला वाटलं, लग्नाला उन्हाळ्यापर्यंत थांबू म्हणाले त्याचा राग आहे. पण राग असा नसतो.

ती खाली बघत चालते. एक एक पाऊल बघून टाकते, पाय रुंद ठेवून. अंधार पडला की भिंत धरते. मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पडते. असं दोनदा झालं, मी स्वतः पाहिलं. डोळे उघडे असले की पडत नाही. हाताच्या बोटांची पेरं काळी पडली आहेत. परवा म्हशीला दोनदा वैरण टाकली आणि तिसऱ्यांदा मला विचारलं, टाकली का ग?

काल तर हद्द झाली. ती चुलीवर भाकरी करत होती. मला करपल्याचा वास आला म्हणून धावले, तर पेटलेलं लाकूड चुलीबाहेर सरकून तिच्या पावलाला टेकलेलं. पावलाची कातडी भाजून निघत होती आणि आई भाकरी थापून राह्यली होती. मी ओढलं तेव्हा तिनं खाली पाहिलं. मावशी, तिला दुखलं नाही. ती फक्त म्हणाली, "कोणाला सांगू नगं." आणि म्हणाली, तुझं लग्न झालं की मी माहेरी जाऊन राहीन, परत येणार न्हाई, तू येऊन भेटायचं न्हाई.

आई वेडी होऊन राह्यली का? मला खरं सांग. तू तरी काहीतरी कर.

तुझी,
साक्षी

---

जुना जालना
२८ ऑक्टोबर २०२४

ताई,

रामप्रसाद खाली टेम्पो लावून उभा आहे. माझी ड्युटी संध्याकाळी सुटते, उद्या पहिल्या गाडीनं मी निघते. मी येण्याआधी तू माहेरी निघून जाऊ नयेस, म्हणून हे घाईत लिहिते. कुठंही जाऊ नकोस. तुला माझ्या आईची आण आहे.

ती बाई तूच आहेस ना?

मी किती मूर्ख! तुझी दोन्ही पत्रं काढून पुन्हा वाचली. धाप, पिवळा चेहरा, लाल जीभ तुझी. मुंग्या, बधिर पाय, निसटणारी चप्पल त्या बाईची. तू एक आजार दोन बायकांत वाटून दिलास आणि मी दोघींना दोन वेगळी उत्तरं दिली. एकीला गोळ्या आणि दुसरीला महारोगाची भीती. दोन्ही एकीचंच आहे असं दिसलं असतं, तर आमची नवीन शिकाऊ पोरगीसुद्धा म्हणाली असती की बी-बारा तपासा.

बी-बारा नावाचं जीवनसत्त्व असतं. मटण, मासे, अंडी, दूध यांतूनच ते मिळतं, भाजी-भाकरीत नसतं. ते संपलं की रक्त कमी होतं आणि नसाही खराब होतात. साक्षीला मी आत्ता विचारलं असतं, पण तूच सांग. तू दूध पीत नाहीस ना? सगळं डेअरीला घालतेस आणि आपण कोरा चहा पितेस ना? मला हे ऑगस्टमध्येच विचारायला हवं होतं. मी नुसतं पी म्हणून मोकळी झाले.

आणि ऐक, मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. मी दिलेल्या फॉलिकच्या गोळीनं रक्त वर येतं, पण बी-बारा नसेल तर आत नसा तशाच झिजत राहतात. वरून माणूस सुधारलेला दिसतो. आपण तेज आलं म्हणून खूश होतो आणि तिकडं तुझे पाय जात होते.

मी येईपर्यंत चुलीजवळ जायचं नाही. मोरीत एकटीनं जायचं नाही, साक्षीला बाहेर उभं कर. भाजलेल्या जागेवर हळद, टूथपेस्ट, काही लावू नकोस, स्वच्छ फडकं सैल बांध. घरातही चप्पल घाल, पट्ट्याची.

मला अजून खात्री नाही, तपासणी डॉक्टर करतील. पण मला वाटतं, तुला महारोग नाही.

शालू

---

जुना जालना
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय साक्षी,

फोनवर तुला फक्त "बरी आहे" एवढंच सांगत होते, कारण तिकडून तुझे बाबा आणि त्यांच्या मागं सगळी गल्ली ऐकत होती. आज नीट लिहिते. तू आता मोठी आहेस, तुला सगळं खरं सांगितलं पाहिजे.

त्या दिवशी मी आले तेव्हा तुझी आई म्हशींच्या गोठ्यात जाऊन बसली होती, हे तू पाहिलंस. आत काय बोलली ते तुला माहीत नाही. मी पुढं झाले तर पाय पोटाशी घेऊन म्हणाली, "हात लावू नगंस, शालू. तुला पोरं हायेत." मी तिचे पाय धरले तेव्हा तिनं मला मारलं. मग रडत विचारलं, "साक्षीच्या अंगावर कुठं डाग हाय का, बघितलंस का तू?" तीन महिने बाई हीच भीती उराशी धरून होती, ग. तुझं लग्न नोव्हेंबरात व्हावं, कारण त्यानंतर आपलं नाव पडलं तरी तू सुटलेली असशील, असं तिचं गणित. तुझ्यावर तिचा राग नव्हता.

इथं आमच्या वॉर्डात भरती केल्यावर डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून नडगीच्या डागावर कापूस फिरवला. तो तिला बरोबर कळला. महारोगाच्या डागावर तो कळत नाही. नसा चाचपल्या, बाकीच्या तपासण्या केल्या. महारोग नाही. बी-बारा इतकं कमी निघालं की लॅबवाल्यानं पुन्हा फोन करून नाव विचारलं. साखर नाही, थायरॉइड नाही. पाच वर्षं ना मांस, ना अंडं, ना दुधाचा थेंब. व्रत चांगलं होतं, दूध मात्र व्रतात नव्हतं. ते तिनं कंजूषपणानं सोडलं होतं, असं मी तिच्या तोंडावर म्हणाले.

इंजेक्शनं सुरू आहेत, सध्या एक दिवसाआड. पहिल्या इंजेक्शनाआधी तिनं डॉक्टरांना विचारलं, "ह्याच्यात कोण्या जनावराचा जीव तर न्हाई ना?" डॉक्टर नाही म्हणाले, तेव्हा दंड पुढं केला. आता दूध-दही घेते. जिभेची आग आहे म्हणून सगळं मऊ आणि गार करून देते, मुगाची खिचडी, दही-भात. तोंड मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायला लावते. भाजलेलं पाऊल मी स्वतः रोज धुते, बोटांच्या मध्ये कोरडं करते आणि तिलाही बघायला लावते. कारण ज्या पायाला दुखत नाही त्याची राखण डोळ्यांनी करावी लागते. घरी आल्यावर हे तुला करायचं आहे. पाणी किती गरम ते तुझ्या हातानं बघ, तिच्या पायानं नाही. मोरीत धरायला बांबू ठोकून घे, वाटेवर दिवा राहू दे. आणि ती विसरली तर चिडू नकोस, नसांसारखं डोकंही यानं मंदावतं. ते बहुतेक आधी सुधरेल.

आता जे मला लिहवत नाही ते. पाय किती परत येतील, हे डॉक्टर सांगत नाहीत. लवकर सापडलं तर सगळं येतं. उशीर झाला तर काही राहून जातं. हा उशीर माझ्या गोळ्यांनी वाढवला. मी हे तिला सांगितलं आहे. ती म्हणाली, "मीच तुझ्यापासून लपवलं, मंग तुझा कसला दोष?" पण माझ्या मनातून जात नाही. रोज सकाळी वॉर्डात जाताना मी आधी तिची चादर बघते, पाय हलतात का ते. मीच घाबरले आहे, साक्षी, आणि तिला हसून दाखवते.

आष्टीकरांना काय सांगायचं ते विचारलं होतंस. खरं सांग. रक्त आणि नसांचा आजार होता, उपचार चालू आहेत, लग्न उन्हाळ्यात. त्यावर जे तोंड वाकडं करतील ते आधीच कळलेले बरे.

तुझी,
मावशी

---

टेंभुर्णी
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय शालू,
सप्रेम जयभीम.

रामप्रसादला आज थांबवून ठेवला आहे. तो म्हणतो, बाई, आता तरी फोन करा. मी म्हणाले, सवय लागली रे.

महिन्याचं इंजेक्शन झालं. बोटांची पेरं उजळली. विसरायचं कमी झालं आहे. काल साक्षीच्या बाबांचा चष्मा मीच शोधून दिला, तो त्यांच्या डोक्यावर होता. आष्टीचे लोक येऊन गेले. प्रेमची आई माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आमच्या सासूलाबी असंच झाल्तं, तिला कोणी न्हेलंच न्हाई." लग्न एप्रिलात.

तुला खरं सांगते, भीती गेलेली नाही. रोज डोळे उघडले की आधी अंगठा हलवून बघते. अंधारात अजून भिंत धरते. डाव्या पायाच्या करंगळीकडची बाजू तिथं नसल्यासारखीच आहे. पोटऱ्यांत मधूनच विजेसारखी कळ जाते आणि मी घाबरून बसते. तू म्हणतेस की कळ येणं चांगलं, नसा जाग्या होतात. तुझं ऐकते, पण कळ येते तेव्हा तुझं म्हणणं आठवत नाही. कधी कधी वाटतं, हे इथंच थांबेल, याच्यापुढं जाणार नाही. कोणाजवळ बोलत नाही. तुझ्याजवळ बोलते, कारण यापुढं तुझ्यापासून लपवणार नाही असं तुला सांगून बसले आहे. आता गल्लीत दुसरी बाई नाही.

काल दुपारची गोष्ट. मी ओट्यावर पाय सोडून तूर निवडत होते. साक्षी आतून धुण्याची बादली घेऊन आली, पुढचं तिला दिसलं नाही, आणि तिचा पाय बराबर माझ्या उजव्या पावलावर पडला. सगळा भार. मी ओरडले! इतक्या जोरात की तुरीचं सूप उलटं झालं, बादली सांडली, शेजारच्या बाया धावत आल्या. साक्षीचा चेहरा पांढरा पडला. "आई, लागलं का? आई, दुखलं का?" म्हणून ती माझं पाऊल चोळायला लागली, आणि दोन्ही डोळ्यांतून माझ्या पाणी वाहून राह्यलं.

बाया म्हणाल्या, बर्फ आणा. मी त्यांना हातानंच थांबवलं आणि पाय पुढं केला. म्हणाले, "साक्षे, आणखी एकदा पाय दे."

तुझी,
दैवशाला